सॉफ्टबॉलमधला स्ट्राइक झोन: अंपायर बॉल की स्ट्राइक हे कसं ठरवतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय स्पर्धांत नव्याने उभे राहणारे अंपायर, क्रीडाशिक्षक, खेळाडू आणि जाळीमागून ओरडणारे पालक या सगळ्यांसाठी हे पान आहे. वेगळा उल्लेख नसेल तिथे फास्टपिच, म्हणजे हात खालून गोल फिरवून वेगाने बॉल टाकण्याच्या प्रकारातलं सॉफ्टबॉल गृहीत धरलं आहे. आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या मैदानांवर तेच खेळलं जातं. सोयीसाठी खेळाडूंचा उल्लेख स्त्रीलिंगी केला आहे. पुरुषांच्या खेळात झोनची व्याख्या हीच राहते, फक्त पिचिंगचं अंतर वाढतं.

स्ट्राइक झोन म्हणजे नेमकी कुठली जागा?

होम प्लेट, म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेली पाच बाजूंची सपाट पाटी, तिच्या वरची हवेतली जागा. खालची मर्यादा बॅटरच्या गुडघ्याच्या वरच्या कडेची, वरची मर्यादा तिच्या काखेची. बॅटर आपल्या नैसर्गिक पवित्र्यात उभी असताना ही उंची धरायची. बॉलचा कुठलाही भाग या जागेच्या कुठल्याही भागातून गेला, जमिनीला टप्पा न पडता गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तरी तो स्ट्राइक. झोनबाहेरून गेला आणि बॅटही फिरवली नाही, तर अंपायर त्या पिचला बॉल देतो. तीन स्ट्राइकला बॅटर आउट, चार बॉलला तिला पहिला बेस.

इथे दोन गोष्टी बहुतेकांच्या डोक्यातून निसटतात. पहिली म्हणजे झोन प्लेटवर असतो. बॅटरसमोर तो नसतो आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये तर नसतोच. दुसरी म्हणजे झोनला खोली आहे. पिचरच्या बाजूच्या सरळ कडेपासून मागच्या टोकापर्यंत प्लेट जवळपास 43 सेंमी खोल आहे आणि झोन हा तेवढ्या खोलीचा पाच बाजूंचा खांब आहे. समोरून बाहेर वाटणारा कर्व्ह (बाजूला वळणारा पिच) मागच्या तिरक्या कडेला चाटून गेला तरी तो स्ट्राइकच.

प्लेटची मापं लक्षात ठेवायलाच हवीत का?

हो, कारण निम्मे वाद मापातच मिटतात. पिचरकडची कड 43.2 सेंमी, म्हणजे 17 इंच. बाजूच्या दोन समांतर कडा 21.6 सेंमी, मागच्या टोकाकडे जाणाऱ्या तिरक्या कडा 30.5 सेंमी. बॅटर्स बॉक्सची, म्हणजे बॅटरला उभं राहायला आखलेल्या चौकटीची आतली रेषा प्लेटपासून 15.2 सेंमी, म्हणजे 6 इंच दूर असते.

आता बॉल पाहा. 12 इंची सॉफ्टबॉलचा घेर 30.5 सेंमी, म्हणजे व्यास साधारण 9.7 सेंमी. बॉलची नुसती कड प्लेटवरून गेली तरी पुरतं. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकेक बॉल धरला की स्ट्राइकची पट्टी सुमारे 62.6 सेंमी रुंद होते. प्लेटच्या जवळपास दीडपट. नवे अंपायर बॉलचा मध्य प्लेटवर शोधतात आणि म्हणून कोपऱ्यावरचे चांगले पिच बॉल देऊन टाकतात. पिचर मग मधोमध टाकू लागते आणि मार खाते.

बॉल प्लेटवरून गेला की बाजूने, हे झटकन ओळखायची काही खूण आहे का?

प्लेट आणि बॉक्सची आतली रेषा यांच्यामधली रिकामी पट्टी. अमेरिकेतले अंपायर तिला रिव्हर म्हणतात. पट्टी 15.2 सेंमीची, बॉल 9.7 सेंमीचा. प्लेटला जेमतेम चाटून जाणारा बॉल या पट्टीतला 9.7 सेंमीचा भाग व्यापतो आणि त्याच्यापासून रेषेपर्यंत साडेपाच सेंमी मोकळे राहतात. म्हणजे बॉल आणि रेषा यांच्यात निम्म्या बॉलहून थोडी जास्त फट उरली पाहिजे. ती फट नसेल तर बॉल प्लेटला लागलेला नाही. बॉल रेषेवरूनच गेला असेल तर चर्चेचा प्रश्नच उरत नाही.

ही खूण चालण्यासाठी चुन्याच्या रेषा नीट आखलेल्या हव्यात. अनेक मैदानांवर बॉक्स अंदाजाने, पावलं टाकून आखतात आणि पट्टी एका बाजूला वीतभर तर दुसऱ्या बाजूला हातभर निघते. सामन्याआधी टेप लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. तिसऱ्या इनिंगपर्यंत रेषा पुसल्या जातात हे खरं, पण तोवर तुमच्या डोळ्यात अंतर बसलेलं असतं.

उभं नेमकं कुठे राहायचं?

कॅचरच्या बरोबर मागे नाही. कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत, ज्याला स्लॉट म्हणतात तिथे. उजव्या हाताच्या बॅटरला तुम्ही कॅचरच्या डाव्या खांद्याशी, डावखुऱ्या बॅटरला उजव्या खांद्याशी. नाक प्लेटच्या आतल्या, म्हणजे बॅटरकडच्या कडेच्या सरळ रेषेत.

बॅटरच्या बाजूचा पाय पुढे, कॅचरच्या टाचेच्या किंचित मागे आणि बाहेर. दुसऱ्या पायाचा अंगठा पहिल्या पायाच्या टाचेच्या रेषेत. पाय खांद्यांहून जरा जास्त फाकलेले, वजन दोन्ही पायांवर. गुडघे वाकवून खाली या, कमरेतून वाकू नका. कमरेतून वाकलं की मान वर करावी लागते, आणि दुसऱ्या सामन्यापर्यंत मानही जाते आणि नजरही.

डोळे झोनच्या वरच्या मर्यादेच्या आसपास ठेवा. डोकं त्याखाली गेलं की कॅचरचं हेल्मेट आणि खांदा मधे येऊन प्लेटची बाहेरची, म्हणजे बॅटरपासून लांबची कड दिसेनाशी होते. मग बाहेरचा खालचा कोपरा अंदाजाने द्यावा लागतो, आणि तो कोपरा आधीच तुमच्यापासून सर्वांत लांब असतो. बहुतेक चुकीचे निर्णय तिथलेच असतात.

कॅचर आत सरकली आणि स्लॉट बंद झाला तर?

वर या. कॅचरच्या डोक्यावरून बघा. बाहेरच्या बाजूला सरकण्याचा मोह होतो, पण तिथून आतला कोपरा पूर्ण झाकला जातो आणि बॅटरच्या अंगाजवळचा प्रत्येक बॉल आत आल्यासारखा वाटतो. कॅचरला सरकायला सांगण्याचा हक्क तुम्हाला नाही. तिने कुठे बसायचं हे तिचं तिने ठरवायचं.

पिच चालू असताना नजर कुठे?

पिचरच्या हातात बॉल आहे तेव्हापासून बॉलवर. तिचा हात गोल फिरायला लागेल तेव्हा तुम्ही खाली येऊन स्थिर झालेले असायला हवेत. बॉल सुटताना तुम्ही अजून खाली बसत असाल तर सगळा झोनच हलताना दिसतो.

महिलांच्या खेळात पिचिंगचं अंतर 13.11 मीटर, पुरुषांच्या 14.02 मीटर. पिचर पाऊल पुढे टाकून बॉल सोडते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास साडेअकरा मीटरच्या आतबाहेर. ताशी 100 किमी वेगाचा बॉल हे अंतर 0.4 सेकंदात कापतो. एवढ्या वेळात डोकं वळवायला गेलात तर चित्र पुसट होतं. म्हणून डोकं स्थिर आणि फक्त डोळे फिरते ठेवायचे, बॉल ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत.

इतक्या कमी वेळात निर्णय कसा घ्यायचा?

घाई न करता. पिच थांबल्यावर, म्हणजे बॉल ग्लोव्हमध्ये बसल्यावर, मनात तो पिच एकदा परत बघायचा आणि मगच तोंड उघडायचं. अर्धा सेकंद पुरतो. अंपायरिंगमध्ये याला टायमिंग म्हणतात, आणि झोनचं सगळं ज्ञान असूनही टायमिंग नसेल तर फुकट.

घाई करणाऱ्याचं काय होतं ते ठरलेलं असतं. बॉल प्लेटच्या दोन मीटर अलीकडे असतानाच मेंदू स्ट्राइक म्हणून मोकळा होतो, आणि शेवटच्या क्षणी ड्रॉप बॉल (झपकन खाली उतरणारा पिच) गुडघ्याखाली जातो. तोवर शब्द बाहेर पडलेला असतो. उलट फार उशीर केला तर तुम्ही विचारात पडलात असं डगआउटला, म्हणजे बाकावरच्या संघाला वाटतं आणि पुढच्या प्रत्येक पिचला कुरकुर सुरू होते. प्रत्येक पिचला सारखाच वेळ घ्या, अगदी मधोमध आलेल्यालाही.

कॅचरने बॉल घोट्याशी पकडला, तरी अंपायरने स्ट्राइक दिला. हे कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. ताशी 65 किमीचा चेंजअप, म्हणजे मुद्दाम मंद टाकलेला पिच घ्या. बॉल सुमारे 0.6 मीटर उंचीवरून सुटला आणि प्लेटवरही साधारण त्याच उंचीला आला असं धरा. हवेचा अडथळा सोडून दिला तरी प्लेटजवळ तो पुढे जाणाऱ्या प्रत्येक मीटरमागे 17 सेंमी खाली उतरत असतो. प्लेटच्या पुढच्या कडेपासून कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत मीटरभराहून थोडं जास्त अंतर. म्हणजे प्लेटच्या पुढच्या कडेवर गुडघ्याच्या वर असलेला बॉल ग्लोव्हमध्ये पोटरीच्या मध्यावर पोहोचतो. टॉपस्पिन असलेला ड्रॉप त्याहूनही खाली.

ताशी 100 किमीच्या सरळ बॉलला हाच उतार मीटरमागे सुमारे 7 सेंमी. म्हणून वेगवान पिचरच्या बाबतीत ग्लोव्ह बघून दिलेला निर्णय निदान जवळपास बरोबर निघतो, आणि त्या सवयीने अंपायर मंद पिचरचे चांगले चेंजअप बॉल देऊन टाकतो.

बॉक्समध्ये बॅटर कुठे उभी आहे यानेही फसगत होते. बॉक्स प्लेटच्या मध्यरेषेपासून पुढे 1.22 मीटर आणि मागे 0.91 मीटर असतो. अगदी मागे उभी राहिलेली बॅटर ड्रॉप बॉल आपल्या नडगीजवळ बघते आणि प्रामाणिकपणे चिडते. तिला जे दिसलं ते खोटं नाही, फक्त ते प्लेटवरचं नाही.

राइज बॉलचं काय?

बॉल कमरेखालून सुटतो, म्हणून तो वर चढत येणं यात काही जादू नाही. बॅकस्पिनमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो आणि वेग असेल तर प्लेटवरही अजून चढतच असू शकतो. परिणाम ड्रॉपच्या उलट: काखेच्या रेषेत झोनला स्पर्श करून गेलेला बॉल कॅचर खांद्याच्या वर पकडते. नवे अंपायर वरचा स्ट्राइक देतच नाहीत, कारण तो डोळ्यांसमोरून जातो आणि आपोआप उंच वाटतो. काखेपर्यंत झोन आहे असं नियम सांगतो, तर काखेपर्यंत द्या. छातीच्या मध्यावर झोन संपवणारा अंपायर राइज बॉल टाकणाऱ्या पिचरचं मुख्य शस्त्रच काढून घेतो.

बॅटर मुद्दाम खाली वाकून उभी राहिली तर झोन लहान होतो का?

नाही. तिचा नैसर्गिक पवित्रा धरायचा, पिच येताना केलेली कसरत नाही. बंटसाठी (बॅट न फिरवता बॉल हळूच टेकवण्यासाठी) खाली बसणारी, धावत येऊन स्लॅप (धावता धावता छोटा फटका) मारणारी डावखुरी, शेवटच्या क्षणी दबा धरणारी या सगळ्यांची उंची नेहमीच्या पवित्र्यावरूनच. म्हणून बॅटर बॉक्समध्ये येऊन पहिले एक-दोन सराव स्विंग घेते तेव्हाच तिची काख आणि गुडघा डोळ्यात भरून ठेवा. प्रत्येक बॅटरला हे नव्याने करायचं. चौदा वर्षांखालच्या संघात एक मुलगी साडेपाच फुटी आणि पुढची सव्वाचार फुटी असते. दोघींच्या झोनमध्ये सहज 12–15 सेंमीचा फरक पडतो.

लहान मुलींच्या सामन्यात झोन थोडा मोठा धरावा का?

नियमपुस्तकात तशी तरतूद नाही. पण पिचरला प्लेट सापडत नसेल तर चार-चार बॉलवर सगळ्याच जणी बेसवर जातात, बॅट कोणी फिरवत नाही आणि दोन इनिंगमध्ये वेळ संपतो. आमचं मत असं: आयोजकांची इच्छा असेल तर सामन्याआधीच्या बैठकीत दोन्ही प्रशिक्षकांसमोर ते सांगा, रुंदीत थोडी सूट द्या, उंचीत देऊ नका. डोळ्यांजवळचा बॉल मारायला मुलींना शिकवण्यात अर्थ नाही. आणि सूट दिलीत तर ती शेवटच्या आउटपर्यंत, दोन्ही संघांना. गुणफरक वाढला म्हणून मधेच झोन फुगवणं हे आपल्या मैदानांवर सर्रास होतं आणि ते हरणाऱ्या संघाला बरोबर कळतं.

कॅचर बॉल पकडून ग्लोव्ह आत ओढते. तिला फसायचं नाही तर काय करायचं?

बॉल प्लेटवरून गेला तेव्हाच तुमचं चित्र तयार झालेलं असलं पाहिजे. ग्लोव्ह फक्त एक पुरावा, तोही दुय्यम. खरं तर जोरात ओढलेला ग्लोव्ह बहुधा कॅचरचाच कबुलीजबाब असतो: बॉल स्ट्राइक असता तर तिने तो हलवला नसता. चांगली कॅचर ग्लोव्ह जिथल्या तिथे थांबवते. तिने नीट थांबवून ठेवलेला कोपऱ्यावरचा बॉल तुम्हाला नीट दिसतो, एवढाच तिचा रास्त फायदा.

निर्णय कसा जाहीर करायचा?

स्ट्राइक असेल तर खाली असतानाच मोठ्याने स्ट्राइक म्हणायचं, मग सरळ उभं राहून उजव्या हाताची मूठ हातोड्यासारखी पुढे आणायची. बॅटरने बॅट फिरवून चुकवली असेल तर फक्त इशारा. सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बॉल असेल तर खालीच राहून बॉल म्हणायचं, हाताने काही नाही. बॉल सांगताना हात बाजूला झटकणं किंवा बाहेर गेला म्हणून बोटाने दाखवणं ही वाईट सवय आहे. प्रत्येक पिचचं स्पष्टीकरण द्यायला तुम्ही बांधील नाही आणि एकदा दिलंत की दरवेळी मागितलं जातं.

काउंट, म्हणजे किती बॉल आणि किती स्ट्राइक झाले ते सांगताना आधी बॉल, मग स्ट्राइक. डाव्या हाताच्या बोटांनी बॉल, उजव्या हाताच्या बोटांनी स्ट्राइक, हात खांद्यांच्या वर. इंडिकेटर, म्हणजे मोजणीचं छोटं साधन, डाव्या हातात. इंडिकेटरवर आकडा फिरवल्याशिवाय पुढचा पिच होऊ देऊ नका. तीन बॉल दोन स्ट्राइक आहेत की दोन-दोन यावरून होणारं भांडण झोनच्या भांडणापेक्षा जास्त लाजिरवाणं असतं, कारण त्यात अंपायरची चूक सिद्ध करता येते.

तिसऱ्या स्ट्राइकला आवाज इतका महत्त्वाचा का?

कारण कॅचरने तो बॉल झेलला नाही तर खेळ थांबत नाही. पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट असतील, तर बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकते. अंपायर पुटपुटला तर धावायचं की नाही हे बॅटरलाही कळत नाही आणि कॅचरलाही.

बॅट अर्धी फिरवून थांबवली तर?

बॅटरने बॉल मारण्याचा प्रयत्न केला का, एवढाच प्रश्न. मनगटं वळली का, बॅट अंगाच्या पुढे गेली का, फिरवून परत ओढली का, या खुणा त्या प्रश्नाच्या मदतीला. यातली कुठलीही एक खूण म्हणजे आपोआप स्ट्राइक असं नाही.

मुख्य अंपायरने बॉल दिला असेल तर कॅचरच्या विनंतीवरून तो बेस अंपायरला विचारू शकतो. उजव्या हाताच्या बॅटरला पहिल्या बेसवरच्याला, डावखुऱ्या बॅटरला तिसऱ्या बेसवरच्याला. दोनच अंपायर असतील तर जो आहे त्याला. नजर बॉलवर असल्यामुळे मुख्य अंपायरला बॅट नीट दिसत नाही, यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही.

टप्पा पडलेला बॉल स्ट्राइक होऊ शकतो का?

बॅटरने बॅट फिरवली तरच. प्लेटच्या आधी जमिनीला लागलेला बॉल झोनमधून उसळून गेला तरी बॉलच. प्लेटवरच आपटलेलाही.

बॉल बॅटरच्या अंगाला लागला, पण तो झोनमध्ये होता. बेस मिळतो का?

मिळत नाही. स्ट्राइक, आणि खेळ तिथेच थांबतो. प्लेटवर झुकून उभ्या राहणाऱ्या बॅटरच्या बाबतीत हे होतं आणि प्रशिक्षक हमखास अंगावर येतात. बॅट फिरवताना हातावर बॉल लागला तरी स्ट्राइकच. हात बॅटचा भाग असतो ही समजूत चुकीची आहे.

बेसबॉलचा झोन आणि हा एकच ना?

रुंदी एकच, प्लेट सारखीच. उंची वेगळी. बेसबॉलमध्ये वरची रेषा खांदा आणि पँटचा वरचा काठ यांच्या मध्यावर, खालची गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्याशी. म्हणजे बेसबॉलचा झोन सॉफ्टबॉलच्या तुलनेत थोडा खाली सरकलेला. टीव्हीवर बेसबॉल पाहून सॉफ्टबॉलला आलेले अंपायर खालचे बॉल स्ट्राइक देतात आणि वरचे सोडतात, त्याचं कारण हेच. अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये वरची रेषा छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी धरतात, त्यामुळे तिथले व्हिडिओ बघून आपल्या अंपायरशी वाद घालू नये. स्लोपिचमध्ये, म्हणजे हळू, कमानीत बॉल टाकायच्या प्रकारात, मर्यादा मागच्या खांद्यापासून पुढच्या गुडघ्यापर्यंत असते आणि बॉलला कमान हवी. यूएसए सॉफ्टबॉल या अमेरिकी संघटनेच्या नियमात ती जमिनीपासून 6 ते 10 फूट.

बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करता येते का?

नाही. हा अंपायरच्या नजरेचा निर्णय, त्यावर अधिकृत निषेध नोंदवता येत नाही. काउंट चुकला, नियम चुकीचा लावला, तर बोलता येतं. प्रशिक्षकाने इनिंगच्या मधे येऊन शांतपणे, खालच्या बॉलकडे जरा बघा, असं म्हटलं तर चांगला अंपायर ऐकून घेतो. पण पुढच्या इनिंगला झोन बदलत नाही.

घरच्या मैदानावर सराव कसा करायचा?

पिचर-कॅचर सराव करत असतील तिथे मास्क घालून मागे उभे राहा. सुरुवातीच्या वीस-पंचवीस पिचला काहीच बोलू नका, फक्त बॉल हातातून ग्लोव्हपर्यंत बघा. मग बॉलवर रंगीत मार्करने मोठे ठिपके काढा आणि प्रत्येक पिचनंतर कुठला रंग फिरताना दिसला ते सांगा. ते सांगता येत नसेल तर तुमची नजर मधेच बॉल सोडते आहे.

झोन डोळ्यात बसवायला प्लेटच्या पुढच्या कडेच्या रेषेत, दोन्ही बाजूंना मीटरभर अंतरावर दोन बांबू रोवा. त्यांच्यामध्ये गुडघ्याच्या आणि काखेच्या उंचीला दोन आडव्या सुतळ्या ताणा आणि त्यांना 43 सेंमी अंतरावर दोन उभ्या सुतळ्या बांधा. बॅटरच्या जागी कोणीतरी नुसतं उभं करा, बॅट फिरवायची नाही. आधी निर्णय सांगा, मग सुतळी हलली का ते बघा. चौकटीतून गेलेला, सुतळी हलवून गेलेला आणि बाहेरून गेलेला, असे तीन रकाने वहीत ठेवा. दुसऱ्या प्रकारातले तुम्ही किती वेळा बॉल देता, आणि त्यातले बाहेरच्या खालच्या कोपऱ्यातले किती, हे पाहिलं की पुढच्या सरावात पाय कुठे हलवायचे ते कळतं.